ऑइल प्रेशर टेस्ट किट: डॅशबोर्डचा काटा खरा की इंजिन खरं, ते कळण्यासाठी

रेडिएटरचा पंखा सुरू झाला की ऑइल प्रेशरचा काटा खाली यायचा. पंखा थांबला की परत वर. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर एका गॅरेजमध्ये "मेन बेअरिंग गेलीत, इंजिन उतरवावं लागेल" असं ऐकून झालं होतं. तिथे कुणी गेज लावून पाहिलं नव्हतं. गरम इंजिनवर डॅशबोर्डचा काटा शून्याला टेकलेला दिसला, तेवढ्यावर निदान झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी हे किट मागवलं.

गाडी तीस वर्षांची, दोन सीटची, कापडी छताची जपानी स्पोर्ट्स कार. इंजिन १.६ लिटरचं. माझं रोजचं काम कारखान्यातली प्रेशर गेज तपासण्याचं, त्यामुळे किट आलं तेव्हा ते गाडीला लावण्याआधी मी कामावर नेलं. दीड वर्षात ते चार गाड्यांना लावून झालं आहे, म्हणून आता लिहिते आहे.

पेटीत काय आहे ते आधी. ० ते १० बारचं (बार हे दाबाचं एकक) ग्लिसरीन भरलेलं गेज, त्याच्या बाहेरच्या कड्यावर पीएसआय या दुसऱ्या एककाचे आकडे. गेजला जाड रबरी टोपण आणि बॉनेटला अडकवायला हूक. सव्वा मीटरची होज. झटपट जोडणीचा कपलर. पितळी अ‍ॅडॅप्टर आठ, तांब्याची वायसर मूठभर. पेटीचे कप्पे घट्ट आहेत, अ‍ॅडॅप्टर हलत नाहीत, हे मला आवडलं. होजची क्रिंप, म्हणजे धातूचं टोक दाबून बसवलेला जोड, दोन्ही टोकांना स्वच्छ आहे. दीड वर्षात तिथून एक थेंब पाझरलेला नाही.

आता मुख्य गोष्ट, अचूकपणा. डायलवर बारीक अक्षरात "२.५" छापलंय. बहुतेक लोक हा आकडा बघतच नाहीत, किंवा वाचलेल्या आकड्यात अडीच टक्के इकडेतिकडे असा त्याचा अर्थ लावतात. तसं नाही. ही टक्केवारी पूर्ण स्केलची असते. १० बारच्या गेजला २.५ म्हणजे कुठल्याही आकड्याला पाव बारची सूट. ६ बारला पाव बार गेला तर बिघडत नाही. पण गरम इंजिन न्यूट्रलवर असताना आपण १ बार की सव्वा बार असं बघत असतो, आणि तिथे तोच पाव बार म्हणजे चौथा हिस्सा. ज्या जागी आपल्याला सगळ्यात जास्त खात्री हवी, तिथेच गेज सगळ्यात कच्चं.

म्हणून मी ते डेड वेट टेस्टरवर चढवलं. या टेस्टरमध्ये पिस्टनवर ठरलेली वजनं ठेवली की तेलात नेमकं तेवढंच प्रेशर तयार होतं, अंदाजाला जागा राहत नाही. १ बारला माझ्या गेजने १.१ दाखवलं, २ ला २.१, ४ ला चारच्या केसभर वर, ६ ला बरोबर ६, ८ ला किंचित कमी. वजनं उतरवत आणलं तरी आकडे तेच. या दर्जाच्या गेजकडून मी इतकी अपेक्षा केली नव्हती. खालच्या टोकाला ०.१ जास्त दाखवतं हे एकदा कळलं की मनात वजा करता येतं, त्यामुळे चूक आहे याचा त्रास नाही. चूक दर वेळी वेगळी असती तर मी ते परत केलं असतं.

आतली रचना १८४९ मध्ये युजेन बूर्दाँने पेटंट घेतलेलीच आहे. वाकवलेली चपटी नळी, प्रेशर आलं की सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. वायर नाही, बॅटरी नाही, अर्थिंग नाही. आजही शंका आली की माणूस याच नळीकडे वळतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण ग्लिसरीनच्या गेजची एक खोड आहे आणि किटच्या कागदावर तिचा उल्लेख नाही. तिसऱ्या वेळी मी ते गरम बॉनेटखाली अर्धा तास टांगून ठेवलं होतं. इंजिन बंद केल्यावर काटा शून्यावर थांबायला हवा, तर तो शून्याच्याही खाली, खुंटीला टेकलेला. केस तापली, आतली हवा फुगली, आणि नळीला बाहेरून दाब बसला. म्हणजे गेज तेवढं कमी दाखवतंय, तेही नेमक्या गरम इंजिनच्या रीडिंगला. वरच्या रबरी बुचाची कड नखाने उचलली, बारीकसा फुस्स आवाज आला आणि काटा माझ्या डोळ्यांसमोर शून्यावर येऊन बसला. तेव्हापासून प्रत्येक रीडिंगच्या आधी बूच एकदा उचलायचं, हे माझ्या वहीत पहिल्या ओळीला आहे.

सगळ्यात मोठी अडचण अ‍ॅडॅप्टरची. आठही पितळी, आठही जवळपास सारखे दिसणारे, आणि एकावरही नाव कोरलेलं नाही. जपानी गाड्यांत प्रेशर सेंडर, म्हणजे डॅशच्या काट्याला प्रेशर कळवणारा सेन्सर, बहुधा १/८ बीएसपीटी या ब्रिटिश मापाच्या निमुळत्या आट्यांवर बसतो. त्याचा व्यास ९.७३ मिलिमीटर, इंचाला २८ आटे. अमेरिकन १/८ एनपीटीचा व्यास १०.२९, इंचाला २७ आटे. त्या दोघांच्या मधोमध एम१० बाय १, जो युरोपियन गाड्यांत सापडतो. तिन्हींतला फरक हाताला जाणवत नाही. चुकीचा अ‍ॅडॅप्टरही दोन फेरे छान आत जातो, मग जड होतो, आणि पाना हातात असलेल्या माणसाला वाटतं की निमुळता आटा आहे, आवळला की बसेल. पलीकडे इंजिन ब्लॉकचे किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फिल्टर हाउसिंगचे आटे असतात. ते गेले की साधी तपासणी महागात पडते. मी व्हर्नियर आणि थ्रेड गेज घेऊन बसले, प्रत्येक अ‍ॅडॅप्टर मोजला आणि पंचने खुणा ठोकल्या. हे काम बनवणाऱ्याने करायला हवं होतं. ज्याच्याकडे व्हर्नियर नाही त्याच्या हातात अशी पेटी देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, आणि या एका गोष्टीसाठी मी पूर्ण एक तारा कापते.

माझ्या गाडीत सेंडर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या बाजूला आहे. वरून हात जात नाही. गाडी स्टँडवर घेऊन खालून, अर्धं चाचपडत काम करावं लागतं. किटमध्ये काटकोनी एल्बो नाही, त्यामुळे होज सरळ खाली येते आणि क्रॉसमेंबरला घासते. मी तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला. एक्झॉस्ट इनटेकच्या विरुद्ध बाजूला असल्याने माझी होज तापण्याचा धोका नव्हता, पण प्रत्येक गाडीत तसं नसतं. होज कुठून जाते ते इंजिन सुरू करण्याआधी दोनदा बघा. आत चार-पाच बारचं, शंभर अंशांच्या आसपासचं तेल असतं.

सेंडर सुटून हातात आला तेव्हा त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे चार वेढे होते. आधी कुणीतरी गळती थांबवायला गुंडाळलेले. हा एकवायरी सेंडर आहे, त्याचं अर्थिंग त्याच्या अंगातून, आट्यांमधून ब्लॉकला जातं. टेपने तोच रस्ता अडवला होता. खड्ड्यातून जाताना काटा एकदम टोकाला उडून परत का येत होता, याचं उत्तर बहुधा इथेच होतं. तेलाचं प्रेशर इतक्या वेगाने उसळी मारत नाही.

मग रीडिंग. इथे घाई करणाऱ्यांना एकच सांगणं: पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही. मी डिपस्टिकच्या नळीतून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची वायर, सोडलं होतं. पाणी सहा-सात मिनिटांत तयार, तेव्हा तेल जेमतेम ५५ अंशांवर. ४० ग्रेडच्या तेलाची १०० अंशांना व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या आत असावी लागते. तेच १०डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना सहा-सात पट घट्ट असतं. पंप फक्त तेल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते तेलाला होणाऱ्या अडथळ्यामुळे. घट्ट तेल, जास्त अडथळा, जास्त प्रेशर. म्हणून अर्धवट गरम इंजिनचं रीडिंग नेहमी छान येतं आणि नेहमी फसवतं. थंड असताना माझं ५.२ बार आलं. रिलीफ व्हॉल्व्हने, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेने, तिथेच धरून ठेवलं, रेस वाढवली तरी वर गेलं नाही. हेही चांगलं लक्षण, व्हॉल्व्ह काम करतोय.

पंचवीस मिनिटांनी तेल ९४ अंशांवर आलं. मॅन्युअलमध्ये १००० आरपीएमला २ ते ३, ३००० ला ३ ते ४ असे आकडे दिलेत, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. बारशी दोन टक्क्यांचा फरक, सोडून द्या. धाकटा भाऊ आत बसला होता.

"ताई, हजारावर धरलंय."

काटा २.२ वर. म्हणजे खरे २.१.

"आता तीन हजार."

३.६ आणि स्थिर. मी त्याला अजून एक मिनिट धरून ठेवायला सांगितलं, कारण मला खरंच खात्री करून घ्यायची होती. ३.६ च राहिलं. न्यूट्रलवर ८५० ला १.७. बेअरिंग गेलेल्या इंजिनचे हे आकडे नव्हेत. मी खाली, पाठीवर पडलेली, हातात तेलाने चिकट झालेला पाना, आणि मला रडू आलं.

पण हे अर्धंच उत्तर. गेज लावायला सेंडर काढावा लागतो, म्हणजे डॅशचा काटा आणि गेज एकाच वेळी दिसत नाहीत. त्यासाठी टी-जोड लागतो आणि तो किटमध्ये नाही. माझी दुसरी मोठी तक्रार हीच. इंजिन ठीक आहे हे किट सांगतं, काटा का चुकतोय हे शोधायला टी हवाच. मी कामावरच्या भंगारातून १/८ बीएसपीटीचा पितळी टी आणला, होजच्या टोकाला लावला, एका बाजूला गेज, एका बाजूला सेंडर. सेंडर आता रबरी होजवर लटकतोय, त्याला अर्थिंग उरलं नाही, म्हणून त्याच्या अंगापासून इंजिन ब्लॉकपर्यंत क्लिपची जाड वायर ओढली. टेपचा प्रश्न त्यामुळे आपोआप बाजूला पडला.

इंजिन न्यूट्रलवर सोडलं आणि पंख्याची वाट पाहिली. पंखा लागला. डॅशचा काटा सावकाश खाली सरकत शून्याजवळ गेला. माझ्या हातातलं गेज १.७ वरून हललं नाही. भाऊ आतून ओरडला, "गेलं ताई, शून्य!" आणि मी गेजकडे बघत होते. मग मी ती क्लिप ब्लॉकवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. पंखा चालू, हेडलाइट चालू, आणि डॅशचा काटा जागच्या जागी.

दोष ब्लॉक आणि बॉडी यांच्या मधल्या अर्थिंगच्या पट्टीत होता. अल्टरनेटरचा करंट बॉडीकडून ब्लॉककडे परत येतो तो त्या पट्टीतून. पट्टी कुजलेली असेल तर पंखा, लाइट असा भार वाढला की ब्लॉक आणि बॉडी यांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो, आणि सेंडरचा काटा त्या फरकालाच प्रेशर समजतो. मल्टिमीटरचं एक टोक ब्लॉकला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला, सगळा भार चालू: ०.४ व्होल्ट. इथे ०.१ च्या आत असावं. पट्टी काढली तर वरून ठीक दिसणारी तांब्याची वेणी लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या, आत हिरवी पावडर झालेली. नवी पट्टी, दोन्ही बाजूंचा रंग खरवडून, आणि आकडा ०.०३ वर. सेंडरची टेप काढली, आटे ब्रशने साफ केले, मधल्या दोन आट्यांवर द्रव सीलंटची बारीक रेघ ओढून परत बसवला. गळत नाही.

डॅशचा काटा आता पंख्याला घाबरत नाही, खड्ड्यात उडत नाही. खऱ्या प्रेशरपेक्षा अर्धा बार कमी दाखवतो, बहुधा सेंडर म्हातारा झालाय. मला माहीत आहे, म्हणून चालतं.

हे सगळं लिहायचं कारण, स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर काटा असला म्हणजे तो मोजतच असतो असं नाही. माझ्दाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला खरं गेज होतं. १९९५ च्या मॉडेलपासून दिसायला तसाच काटा राहिला, पण मागे साधा स्विच आला: किमान प्रेशर असलं की काटा मध्यावर, नसलं की शून्यावर. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये ऑइलच्या तापमानाचा काटा आहे, प्रेशरचा नाहीच. आणि लाल दिवा बहुतेक गाड्यांत अर्धा बार किंवा त्याहूनही खाली गेल्यावर पेटतो. जोरात पळणाऱ्या इंजिनसाठी तोवर फार उशीर झालेला असतो. अशा गाडीच्या मालकाने वर्षातून एकदा तरी खरं गेज लावून गरम आकडे वहीत टिपून ठेवावेत. मागचे आकडे जवळ असले की यंदाच्या आकड्याला अर्थ येतो.

या किटने जे होत नाही तेही सांगते. लांब, वेगाच्या वळणात तेल चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पिकअपमध्ये, म्हणजे पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीत, हवा शिरते आणि प्रेशर क्षणभर कोसळतं. हा दोष उभ्या गाडीत दिसत नाही, आणि ही होज लावून गाडी पळवणं साफ चूक आहे. त्यासाठी कायमचं बसवलेलं गेज किंवा लॉगर लागतो.

कपलरबद्दल एक इशारा. त्यात गेज सोडवलं की बंद होणारा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे होजमध्ये तेल आणि प्रेशर अडकून राहू शकतं. पहिल्यांदा कपलर दाबला तेव्हा गरम तेलाची चिळकांडी माझ्या मनगटावर आली, डाग अजून आहे. फडकं गुंडाळून, थंड झाल्यावरच सोडवा.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या कूपेला किट लावलं. त्याचा काटाही न्यूट्रलवर खाली जायचा, आणि माझी गोष्ट ऐकून त्याला खात्री होती की अर्थिंगच असणार. तेल ९० अंशांवर असताना गेजने न्यूट्रलवर ०.५ दाखवलं, म्हणजे खरं ०.४. रेस दिली तर २ च्या वर जाईना. मी हात पुढे करून चावी बंद केली. त्याने चेंबर उघडलं तेव्हा पिकअपच्या जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग सिलिकॉन सीलंटच्या तुकड्यांनी बुजला होता. मागच्या वेळी चेंबर बसवताना कुणीतरी सढळ हाताने लावलेलं, आत पिळून निघालेलं. जाळी साफ झाली, बेअरिंगच्या वाट्या काढून पाहिल्या, त्यांचा थर अजून शाबूत होता. परत जोडल्यावर गरम न्यूट्रलवर १.५.

पाचपैकी चार तारे. घ्या, पण पेटी आली की आधी अ‍ॅडॅप्टर मोजून खुणा करा, आणि तुमच्या गाडीच्या आट्यांचा एक टी आणि एक एल्बो वेगळा मागवा. माझे दोन्ही आता पेटीच्या झाकणात, सेलोटेपने चिकटवलेले आहेत.